‘आय सेव्हन, चार जीबी कार्ड’ एवढ्यावर पैसे देऊ नका

बारावी झाली की गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन देईन, असा शब्द मी धाकट्या भावाला दिला होता. ५ मे २०२५ ला निकाल लागला आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघं नाशिकच्या बाजारात गेलो. माझ्याकडे ३५ हजार होते, पगारातून महिन्या-महिन्याला बाजूला काढलेले. त्यातले साडेएकतीस हजार एका दुकानदाराने घेतले. बदल्यात त्याने काय दिलं, ते सविस्तर सांगते. दुकानाचं नाव लिहीत नाही. तसल्याच पाट्या मला नंतर आणखी तीन-चार दुकानांबाहेर दिसल्या, त्यामुळे एक नाव टाळून कुणी फसवणुकीतून बचावेल असं मला वाटत नाही.

पाटी अशी होती: आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट एसएमपीएस. यातला आय सेव्हन म्हणजे प्रोसेसर आणि एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे फिरत होते. भावाने विचारलं, “काका, कार्ड कुठलं?”

“दहा पन्नास टीआय, चार जीबी. सगळे गेम चालतात.”

“आणि प्रोसेसर कितव्या जनरेशनचा?”

“अरे, आय सेव्हन आहे. बाकीचे तुला आय थ्री देतील एवढ्या पैशात.”

भावाने जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी, विचारली होती, उत्तरात ती आलीच नाही. मी मध्ये बोलायला हवं होतं, बोलले नाही. आधीच्या दोन दुकानांत खरंच आय थ्री दाखवला होता आणि तोही महाग, म्हणून इथे स्वस्तात जास्त मिळतंय असं वाटलं. १५ हजार यूपीआयने बुकिंगचे भरले, उरलेले साडेसोळा हजार दुसऱ्या दिवशी रोख दिले. “पक्कं बिल केलं तर अठरा टक्के वर लागतील, ताई,” म्हणाले, तेही मान्य केलं. हातात आलेल्या कागदावर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, मध्ये ‘गेमिंग सेट, १ नग’ आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. जीएसटी नंबर कुठेच नव्हता. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, असे कागद रोज बघते. तरी त्या दिवशी भावाचा चेहरा बघून गप्प बसले.

घरी आल्यावर त्याने सगळ्यात आधी व्हॅलोरंट टाकला. मित्रांबरोबर खेळायचा तोच होता. गेम उघडलाच नाही. स्क्रीनवर व्हॅन ९००१ असा कोड आणि टीपीएम २.० व सिक्युअर बूट (दोन्ही कॉम्प्युटरच्या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) चालू करा, अशी सूचना. दुकानात फोन केला तर “नेटचा प्रॉब्लेम असेल.” दुसरा एक गेम टाकला, तो दहा-पंधरा मिनिटं चालायचा आणि मग अख्खा कॉम्प्युटर धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्यावर उत्तर आलं, “घरच्या लाइटला व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर लावा.” स्टॅबिलायझर आणला. तेही पैसे गेले.

शेवटी कॉलनीतला एक दादा आला, लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने आधी झाकण उघडलं नाही. मागच्या बाजूला वाकून बघितलं आणि विचारलं, “हे दहा पन्नास टीआय म्हणून दिलं?” कार्डाला एचडीएमआयच्या शेजारी निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट होतं. १०५० टीआय हे कार्ड एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१६ साली आणलं, आणि त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. मग त्याने जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ असा शब्द आला. २०१८ पासून हा प्रोग्राम बनावट एनव्हिडिया कार्डं अशी ओळखून दाखवतो.

आत चिप होती जीएफ ११६, म्हणजे २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, म्हणजे काम करणारे छोटे भाग, असतात, यात १९२. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डाची ओळख साठवणारा आतला प्रोग्राम) नवं नाव भरायचं, वर नवं प्लॅस्टिक चढवायचं, की विंडोजलाही ते १०५० टीआयच दिसतं. चार जीबी मेमरी हीसुद्धा त्या बायोसमधली थाप. प्रत्यक्षात होती एक जीबी. या चिपच्या पिढीला एनव्हिडियाने २०१८ सालीच नवे गेम ड्रायव्हर देणं बंद केलंय.

मग झाकण उघडलं. प्रोसेसर आय सेव्हनच होता, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तो आय सेव्हन ३७७० होता, २०१२ सालचा, तिसऱ्या जनरेशनचा. मदरबोर्डही तसाच जुना, एच ६१ चिपसेटचा. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासूनचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. दुकानदाराने ती तपासणी चुकवून विंडोज बसवलं होतं. डेस्कटॉप दिसतो, पाटीवरही ‘विंडोज ११’ लिहिता येतं, पण व्हॅलोरंटची अँटी-चीट यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० मागतेच आणि हा बोर्ड ते देऊच शकत नाही. तपासणी चुकवली म्हणजे हा सेट विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, हे दुकानदाराला विकतानाच माहीत होतं.

बंद पडण्याचं कारण एसएमपीएसवरच छापलेलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली. डब्यावर ठळक ‘५०० वॉट’. कडेच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. दादाने मला तिथे बोट ठेवायला सांगितलं आणि म्हणाला, “आता गुणाकार कर.” बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. ५५० टीआय कार्डाची गरज ११६ वॉट, ३७७० ची ७७. बेरीज १९३. गेममध्ये दोघांवर एकदम ताण आला की एसएमपीएस मान टाकायचा. आमच्या घरच्या व्होल्टेजचा काही संबंध नव्हता.

“पुढे हवं तसं अपग्रेड करा” असंही सांगितलं होतं. यातलं काय पुढे नेता येईल ते मी दादाला विचारलं. रॅम डीडीआर ३, म्हणजे जुन्या पिढीची, तिची खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर ४ च्या बोर्डात ती बसतच नाही. प्रोसेसरचं सॉकेट ११५५, त्यावर यापेक्षा फार वरचं काही येत नाही. एसएमपीएस तर लगेच काढून टाक म्हणाला. उरली एसएसडी आणि रंगीत पंख्यांचं कॅबिनेट.

त्या पाटीवरची सगळी नावं अर्धी होती, आणि सगळी फसवणूक त्या राहिलेल्या अर्ध्यात होती. ‘आय सेव्हन’ हे पूर्ण नाव नाही, पुढचा आकडा हवा. २०२२ चा आय थ्री १२१०० सुद्धा चार कोअर, आठ थ्रेडचाच आहे, पण कामाला या जुन्या आय सेव्हनच्या कितीतरी पुढे. त्याच आकड्यामागे एफ अक्षर असेल तर आत ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन उजळणार नाही. ‘४ जीबी कार्ड’ म्हणजे काहीच कळत नाही. ‘आरएक्स ५८०’ कार्ड म्हटलं तरी पुढे २०४८ एसपी (कमी कोअरची आवृत्ती) लिहिलंय का ते बघावं लागतं, कारण मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. ‘५०० वॉट’ला १२ व्होल्टचे अँपिअर विचारावे लागतात. दुकानदाराला पूर्ण नाव विचारलं आणि तो गेमची नावं सांगायला लागला, तर तिथून निघा.

पैसे परत मिळवायला आम्ही आठव्या दिवशी दुकानात गेलो. कार्ड पुढे ठेवलं. “आम्हाला वरून असंच आलं,” म्हणाले, आणि कागदावरच्या त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ऑफिसात आमच्या सरांना विचारलं. त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(४७) काढून दाखवलं. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो, यूपीआयची नोंद जोडली. जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, असंही त्यात लिहिलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. सेट परत आणा, पंधरा हजार देतो. रोख दिलेल्या साडेसोळा हजारांचं नाव काढलं तर म्हणाले, “ते कुठे दिले तुम्ही?” एस्टिमेटच्या कागदावर आकडा होता, पण सही-शिक्का नव्हता. आयोगात जायचंच असं मी ठरवलं होतं. आईने नको म्हटलं, भावाची अॅडमिशनची धावपळ सुरू होती. पंधरा हजार घेतले. हातात पुरावा होता तेवढेच पैसे परत आले, बाकीचे गेले.

नवा कॉम्प्युटर दिवाळीच्या आधी जोडला, दुसरीकडून. या वेळी यादी भावाने केली आणि दादाने तपासली. रायझन ५ ५६००जी, बी ५५० चा बोर्ड, डीडीआर ४ ची आठ-आठ जीबीची जोडी, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस. या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स आहे, ते रॅमवरच चालतं आणि जोडीने रॅमचा वेग वाढतो, म्हणून १६ ची एकच पट्टी न घेता जोडी घेतली. कार्ड अजून घेतलेलं नाही. भावाच्या नजरेत आरएक्स ६५०० एक्सटी होतं, पण ते पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या मार्गाच्या) चारच लेन वापरतं आणि ५६००जी पीसीआयई ३.० वरच चालतो, म्हणजे कार्डाचा वेग तिथेच अडतो. हे आधी कळलं म्हणून तो विषय सोडला. व्हॅलोरंट कार्डाशिवायच छान चालतो. बिलावर प्रत्येक भागाची वेगळी ओळ, पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर आहे. दुकानदाराचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी मी पोर्टलवर टाकून बघितला.

तुमच्या घरी असा सेट नुकताच आला असेल, तर आज रात्रीच जीपीयू-झेड आणि प्रोसेसर तपासणारा तसाच सीपीयू-झेड चालवून स्क्रीनशॉट घ्या, एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो काढा आणि पावतीवरची तारीख बघा. तीस दिवस झाले नसतील, तर उद्या दुकान उघडायच्या वेळी दारात हजर राहा, आणि जे काही बोलणं होईल ते नंतर मेसेजवर लिहूनही पाठवा.