एलसीडी पाटी: इंदूर-पुणे गाडीप्रवासासाठी घ्यावी का?

राजवाड्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानातून साडेआठ इंची एलसीडी लिहायची पाटी (पेनाने स्क्रीनवर लिहायचं, बटण दाबून पुसायचं) घेतली, दोन पोरांना दोन, नाहीतर मागच्या सीटवर महाभारत ठरलेलंच. एकदम पैसा वसूल! खडू नाही, सांडायला रंग नाहीत, आणि आतला बटण सेल फक्त पुसायलाच लागतो म्हणून तो कितीतरी टिकतो. खलघाटला नर्मदेचा पूल येईपर्यंत फुली-गोळा, मग नावाची भेंडी, मग धाकटीने आजोबांचं चित्र काढलं ते पुढच्या सीटवर पाठवलं, आजोबांना मिशा जरा जास्तच आल्यात पण खूश झाले.

आता पाटीत खोट काय ते सांगते. स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे अंधार पडला की पाटी संपली. आणि बटण दाबलं की सगळंच पुसलं जातं, एक रेघ वेगळी खोडता येत नाही, यावरून रडारड होते. बिजासन घाटात मात्र काढूनच घ्या, वळणांवर खाली मान घालून बसलं की मळमळतं, तिथे खिडकीबाहेर ट्रक मोजू द्या. पेनला दोरी असलेलीच पाटी बघा, नाहीतर ते सीटखाली जातं. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना तेही तपासा, पोरांनी तो सेल गिळला तर फार धोक्याचं असतं.