टेस्ला कॉईलची तार: अक्कलकोट रोडवरचं मोटर वाइंडिंगचं दुकान

सोलापुरात टेस्ला कॉईल, म्हणजे उच्च व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या उडवणारी कॉईल, बनवायची तर खरी अडचण तारेची. मॉस्फेट, कपॅसिटर असे इलेक्ट्रॉनिक भाग कुरिअरने घरी येतात. ऑनलाइन मिळणारी इनॅमलची (पातळ विद्युतरोधक थर दिलेली तांब्याची) तार मात्र छोट्या रिळात येते, एका रिळात सेकंडरी, म्हणजे शेकडो वेढ्यांची उंच कॉईल, पुरी होत नाही आणि मधे जोड आला की ठिणगी नेमकी तिथूनच फुटायला बघते. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ लूमच्या मोटारी भरून देणारं एक दुकान आहे. तिथे अखंड तार वजनावर मिळते, आणि पावकिलो मागितली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

पावकिलो पुरते. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर ३० गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तारेचे ९०० वेढे घातले तर सुमारे ३११ मीटर तार लागते, तांबं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. मालकांनी आधी विचारलं, "ताई, किती एचपीची मोटर?" मोटर नाही, कॉईल आहे म्हटल्यावर त्यांनी टोकाचं इनॅमल खरवडलं आणि मायक्रोमीटर लावून ०.३१५ मिलिमीटर दाखवलं. गेजची अशी खात्री करून देणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

या दुकानाचं मोल मला कळलं ते चपट्या बायफायलर कॉईलच्या वेळी. संशोधक निकोला टेस्लाच्या १८९४ च्या पेटंटमधली ही रचना: दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळायच्या आणि पहिलीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं. पेटंटमधलंच उदाहरण आहे: १००० वेढे, १०० व्होल्ट. साध्या कॉईलमध्ये शेजारच्या वेढ्यांत ०.१ व्होल्टचा फरक, यात ५० चा! म्हणजे सगळी मदार इनॅमलवर. मालकांनी एकाच रिळातली तार दोन बॉबिनवर सारखी भरून दिली. ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवली, कुठे शॉर्ट नाही. फंक्शन जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) लावला तर तेवढ्याच तारेच्या साध्या चपट्या कॉईलपेक्षा रेझोनन्स, म्हणजे कॉईल ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जास्त प्रतिसाद देते ती, बराच खाली आला. वेढ्यांमधली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, वाढली की रेझोनन्स उतरतो; ती अशी डोळ्यांसमोर दिसते तेव्हा फार आनंद होतो. पण लांब ठिणग्या हव्या असतील तर सेकंडरी बायफायलर करू नका, निम्मा व्होल्टेज शेजारच्या वेढ्यातच उडी मारेल. मुळात ते पेटंट इलेक्ट्रोमॅग्नेटसाठीच होतं.

गुंडाळलेल्या कॉईलवर लावायचं वार्निश घेताना सांभाळा. मोटारीचं वार्निश भट्टीत सुकवायचं असतं, आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. हवेत सुकणारं मुद्दाम मागून घ्या, नाहीतर पोऱ्या नेहमीचाच डबा देतो.

३६ गेजपेक्षा बारीक तार इथे मिळत नाही. मोटारींची गर्दी असली की आपल्याला थांबवून ठेवतात, आणि ते रास्तच आहे. लूम बंद पडला की कारखानदाराचा दिवस जातो. दुपारी जेवणाला शटर खाली असतं, संध्याकाळी जा.

शेजारच्या भंगारवाल्याकडे मायक्रोवेव्ह ओव्हनचे ट्रान्सफॉर्मर दिसतील. नवशिक्यांनी त्यांना हातही लावू नये. दोन हजार व्होल्ट आणि माणूस मारायला पुरेल इतका करंट. ठिणगी बघायचीच असेल तर बारा व्होल्टवर चालणारा स्लेयर एक्सायटर (एका ट्रान्झिस्टरवरची छोटी, सोपी टेस्ला कॉईल) करा, त्यालाही तार याच दुकानातली चालते. मी आता शंकूच्या आकाराच्या सेकंडरीसाठी तार सांगून आले आहे. वरचे वेढे प्रायमरीपासून (खालच्या थोड्या वेढ्यांच्या कॉईलपासून) लांब गेले की मधे उडणाऱ्या ठिणग्या किती कमी होतात, ते मोजायचं आहे.