एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नेक्स्ट जेन स्टॅट्स या आकडेवारीच्या साइटचं रशिंगचं (चेंडू घेऊन पळण्याचं) पान: पाचपैकी चार तारे

चेंडू घेऊन पळणाऱ्या सेकॉन बार्कलीनं 2023 मध्ये जायंट्स संघाकडून 962 यार्ड काढले, 2024 मध्ये ईगल्सकडून 2,005. पळणारा तोच, पुढे वाट मोकळी करायला मायलाटा, लेन जॉन्सनसारखे डोंगर आले. मग श्रेय कुणाचं? आमच्या न्यू जर्सीतल्या घरी यावरून जेवणं थंड होतात. या फुकट पानावर 'अपेक्षेपेक्षा जास्त यार्ड' हा रकाना आधी बघा. खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमधल्या चिपमुळे मैदानावरच्या 22 जणांची जागा, वेग, दिशा कळते. त्यावरून चेंडू हातात पडताक्षणी किती यार्ड मिळायला हवेत, याचा अंदाज. नुसत्या सरासरीपेक्षा कितीतरी न्याय्य. पण त्या क्षणानंतर गार्डनं (वाट काढणाऱ्या फळीतल्या खेळाडूनं) लाइनबॅकरला (समोरच्या बचावपटूला) भारी दाबून धरलं, तर ते यार्डही बरेचसे पळणाऱ्याच्याच खात्यात. तारा तिथेच कापला.