इंजिनिअरिंगसाठी सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज: कागद, हप्ता आणि पहिला पगार

कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सीईटी परीक्षेनंतरच्या केंद्रीय प्रवेशफेरीत, सीट लागली की कॉलेजला रिपोर्टिंग करायला हातात तीन-चार दिवस असतात. कर्जाची फाइल तेवढ्यात होत नाही. म्हणून बहुतेक घरं आधी सोनं गहाण ठेवून नाहीतर नातेवाइकांकडून उसने घेऊन पहिल्या वर्षाची फी भरतात आणि मग बँकेत जातात. हे टाळता येतं. सीईटीचा निकाल लागला की शाखेत जाऊन सगळे कागद दाखवून ठेवायचे, आणि अलॉटमेंट लेटर हातात आल्या दिवशी ऑनलाइन अर्ज भरायचा. सरकारी बँकांचं शैक्षणिक कर्ज हे उत्पादन म्हणून चांगलं आहे, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. अडचण कर्जाच्या रचनेत नाही. किती घ्यायचं हे लोक कॉलेजच्या फीवरून ठरवतात, पगारावरून ठरवत नाहीत, तिथे गणित फसतं.

आधी उत्पादन काय आहे ते. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बहुतेक सरकारी बँकांची कर्जं बेतलेली आहेत. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५% भरावा लागतो, आणि मिळालेली शिष्यवृत्ती या हिश्श्यात धरता येते. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही आणि बाहेरचा जामीनदारही नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, तेवढं पुरतं. कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. त्यानंतर फेडायला १५ वर्षांपर्यंत मुदत. शिकत असतानाच्या काळात व्याज सरळव्याजाने लागतं. मुलींना बऱ्याच बँका व्याजदरात अर्धा टक्का सूट देतात. ट्यूशन फीबरोबर होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हेही धरता येतं. फक्त पुस्तकं, उपकरणं, लॅपटॉप, प्रोजेक्ट हे सगळं मिळून पूर्ण कोर्सच्या ट्यूशन फीच्या २०% च्या आत बसावं लागतं.

साडेसात लाखांची ही रेषा लक्षात ठेवा. ती ओलांडली की तारण आलं, आणि ग्रामीण घरांकडे तारण म्हणजे बहुधा शेतजमीनच असते. बहुतेक बँका ती घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टाबाहेर ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू नाही. आठ लाख लागणार असतील तर वरचे पन्नास हजार दुसरीकडून उभे करून कर्ज रेषेखाली ठेवलेलं बरं.

आता आकडे. खासगी विनाअनुदानित कॉलेज, फी आणि राहणं-खाणं धरून दरवर्षी बँकेकडून १.७५ लाख, चार वर्षांचे ७ लाख. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून १०% धरू. प्रत्यक्षातला दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराप्रमाणे खाली-वर होतो आणि बँकेगणिक वेगळा असतो. पहिल्या वर्षाच्या रकमेवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. एकूण २.४५ लाख. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा बँकेचं तुमच्याकडून येणं ७ लाख नसतं, ९.४५ लाख असतं. मंजुरीपत्र हातात घेऊन आनंदाने घरी येणाऱ्या बहुतेक पालकांना हा दुसरा आकडा कुणी सांगितलेला नसतो.

या ९.४५ लाखांचा हप्ता १५ वर्षांसाठी १०,१५५ रुपये, १० वर्षांसाठी १२,४८८ आणि ७ वर्षांसाठी १५,६८८. लहान हप्ता बघून लोक १५ वर्षं निवडतात. त्यात एकूण १८.२८ लाख जातात, सात वर्षांत फेडलं तर १३.१८ लाख. पाच लाखांहून जास्त फरक.

आणि इथेच या कर्जातला सगळ्यात उपयोगी भाग आहे, जो फारच थोडे लोक वापरतात. मुलगा शिकत असताना व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिना १,४५८ रुपये पडतात, दुसऱ्या वर्षी २,९१७, तिसऱ्या वर्षी ४,३७५, नंतर ५,८३३. असं केलं तर हप्ता सुरू होताना येणं ७ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ९,२५१ वर येतो. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला दरात १% सवलत देण्याची तरतूद योजनेत आहे. मंजुरीपत्रात ती लिहिली आहे का, ते सही करण्याआधी बघा. पूर्ण व्याज झेपत नसेल तर पहिली दोन वर्षं तरी भरा. सगळ्यात जास्त काळ व्याज खाणारी रक्कम पहिल्या वर्षाचीच असते.

आता पगार. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतं आहे. ३.६ लाखांचं पॅकेज घेऊ, म्हणजे कागदावर महिना ३०,००० रुपये. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा १,८००, ग्रॅच्युइटी सातशेच्या वर, विमा पाचेकशे, आणि व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, पाच टक्के धरला तर दीड हजार बाजूला. उरलेल्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात साधारण साडेतेवीस हजार. पुण्यात कॉट बेसिसवर साडेसहा हजार आणि मेसचे चार हजार धरा. त्यात १२,४८८ चा हप्ता. महिन्याला पाचशे रुपये उरतात. पीएमपीचा पास, मोबाइल, आजारपण, घरी जायचं एसटीचं भाडं, सगळं त्या पाचशेत.

म्हणून एक माप वापरावं. हप्ता सुरू होताना जे येणं असेल, ते वर्षभरात हातात येणाऱ्या पगाराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. १०% दराने दहा वर्षांचा हप्ता तेव्हा पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतो. साडेतेवीस हजारांच्या पगाराला ही मर्यादा ५.६४ लाख येते, आणि मधलं व्याज वजा केलं तर मूळ कर्ज सव्वाचार लाखांच्या आत. हातात चाळीस हजार येणार असतील तर सात लाखांचं कर्ज मापात बसतं. म्हणजे तेच कर्ज एका कॉलेजच्या एका ब्रँचला योग्य असतं आणि शेजारच्या ब्रँचला जड जातं.

पण आपल्या ब्रँचचा पगार कळणार कसा? प्रवेशाच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं. ते एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत भाग घेणारं प्रत्येक कॉलेज स्वतः भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात ठेवतं. त्यातलं पदवी अभ्यासक्रमाचं कोष्टक उघडा. त्या बॅचला पहिल्या वर्षी किती प्रवेश झाले, किती थेट दुसऱ्या वर्षाला आले, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला (मीडियन) पगार किती, असे ओळीने रकाने असतात. समजा ३६० प्रवेश, २४० वेळेत पास, १५० प्लेसमेंट. कॉलेज आपल्या निकषाने ‘पात्र’ ठरवलेल्या विद्यार्थ्यांवर भागून ऐंशी-नव्वद टक्के सांगेल. तुमच्यासाठी भागाकार १५० भागिले ३६० असा आहे, कारण कर्ज काढून आत जाणारा त्या ३६० जणांतला एक असतो. मधला पगारही फक्त त्या १५० जणांचा असतो. सगळ्या ब्रँचेसचं हे एकच कोष्टक असल्यामुळे सिव्हिल-मेकॅनिकलचं चित्र कॉम्प्युटरच्या आकड्याखाली झाकलं जातं. त्यासाठी विभागाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला मागच्या दोन बॅचची ब्रँचनिहाय यादी मागावी, आणि ऑफर लेटर किती व प्रत्यक्ष जॉइनिंग किती हे वेगवेगळं विचारावं. पूल कॅम्पसच्या, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीच्या, ऑफर बऱ्याचदा जॉइनिंगपर्यंत पोचत नाहीत.

फीच्या बाजूलाही कमी करता येण्यासारखं बरंच आहे. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची कोर्सनिहाय मंजूर फी दिसते. कॉलेजची पावती त्या आकड्याशी ताडून बघा. अभिमत विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. कॅपमधून प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या वर्गाला ट्यूशन फीचा अर्धा भाग मिळतो. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हे सगळं जातं. फी माफ असलेल्या मुलीच्या नावावर सात लाखांचं कर्ज काढणं ही चूकच आहे. तिला फार तर होस्टेल, मेस आणि डेव्हलपमेंट फीपुरतं कर्ज लागेल.

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे मात्र उशिरा येतात, कधी पुढच्या शैक्षणिक वर्षात. कॉलेज तोपर्यंत पूर्ण फी मागत असेल तर कर्ज पूर्ण फीचं मंजूर करून ठेवा, पण शिष्यवृत्ती जमा झाली त्याच आठवड्यात ती कर्जखात्यात भरा. बदलत्या दराच्या कर्जावर आधी फेडल्याचा दंड लागत नाही. आणि खातं आधारशी नुसतं लिंक असून चालत नाही, एनपीसीआय या पेमेंट महामंडळाकडे त्याचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद, व्हावं लागतं. शिष्यवृत्ती अडकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

व्याजातही केंद्राची मदत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांमधल्या (मंजुरीच्या वेळी ८६०), ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षात ३% व्याज-सवलत मिळते. वर्षाला एक लाख विद्यार्थी ही मर्यादा. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक कोर्सेससाठी त्या काळातलं पूर्ण व्याज माफ होण्याची जुनी योजना आहे. वरच्या उदाहरणात तेच २.४५ लाख होतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मंजुरीच्या वेळीच फाइलला लावा आणि शाखेने तुमचा दावा पोर्टलवर चढवला का, ते दरवर्षी विचारा. शाखेतला अधिकारी बदलला की दावे राहून जातात आणि विद्यार्थ्याला ते थेट हप्ता सुरू झाल्यावर कळतं.

फाइल अडते ती ठरावीक ठिकाणी. विद्यार्थ्याचं पॅनकार्ड नसतं. कॉलेजचं फी स्ट्रक्चर एकाच वर्षाचं असतं, म्हणून मंजुरीही तेवढीच मिळते. चारही वर्षांचं, बाबनिहाय, लेटरहेडवर मागून घ्या. बऱ्याच फाइली वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, अडतात: थकलेलं पीककर्ज, तडजोडीत मिटवलेलं ट्रॅक्टरचं कर्ज, दुसऱ्याला दिलेला जामीन. दहावीच्या सुट्टीतच अहवाल काढून बघितला तर दुरुस्तीला दोन वर्षं मिळतात. सहकर्जदार म्हणून आईचं नाव घालण्याचा पर्यायही असतो. ‘तुमचं गाव आमच्या सेवाक्षेत्रात नाही’ या कारणावर अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नकार तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा. आणि कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी पुढे केली तर ती सक्तीची आहे का, हे लेखी विचारा. तिचा हप्ता कर्जात मिसळला की त्यावरही व्याज चालू होतं.

इयर डाऊनबद्दल, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जाण्याबद्दल, वेगळं सांगायला हवं. पुढच्या वर्षाची रक्कम बँक मागच्या वर्षाची गुणपत्रिका बघून सोडते. एटीकेटी, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात प्रवेश, असेल तर बहुतेक शाखा सोडतात, इयर डाऊन झालं की थांबतात. हप्ता सुरू होण्याची तारीख जास्तीत जास्त दोन वर्षं पुढे ढकलता येते, पण आपोआप नाही, अर्ज करावा लागतो. आणि व्याज थांबत नाही.

डिप्लोमाचा रस्ता या कर्जाच्या दृष्टीने फार चांगला आहे आणि त्याचा विचार दहावीनंतरच व्हायला हवा. शासकीय तंत्रनिकेतनाची फी वर्षाला दहा हजारांच्या आत, तीन वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी. दहावीपासून मोजलं तर सहाच वर्षं, अकरावी-बारावी करून जाणाऱ्याइतकीच. कर्ज मात्र तीनच वर्षांचं: त्याच १.७५ लाखांच्या हिशेबाने हप्ता सुरू होताना येणं ६.८३ लाख, दहा वर्षांचा हप्ता ९,०१९. शिवाय डिप्लोमाच्या शेवटी कळतं की ही ब्रँच आपल्याला आवडते का. मेकॅनिकल घेऊन चौथ्या वर्षी कोडिंगच्या क्लासला पळणाऱ्या मुलाला ते कळायला सात लाख लागलेले असतात.

आवडीच्या कामाचा आणि हप्त्याचा संबंध इथेच येतो. ज्याच्यावर हप्ता नाही, तो १८ हजारांवर एखाद्या चांगल्या डिझाइन ऑफिसात दोन वर्षं काढून काम शिकू शकतो, किंवा गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन महिना १२,४०० च्या शिष्यवृत्तीवर एमटेक करू शकतो. बारा हजारांचा हप्ता असलेल्याला यातलं काहीच जमत नाही. पहिली मिळेल ती नोकरी, दोन वर्षांचा बॉण्ड असला तरी, त्याला धरून ठेवावी लागते. म्हणून मंजूर झालेली सगळी रक्कम उचलू नका. बँक कर्ज वर्षावर्षाने सोडते. दर जुलैमध्ये पुढच्या वर्षाला नेमके किती कमी पडतात ते मोजा आणि तेवढ्याचंच मागणीपत्र द्या. दुसऱ्या वर्षी घरी सोयाबीनचे पैसे बरे आले तर त्या वर्षी पन्नास हजार कमी उचलले, एवढ्याने हप्ता सुरू होताना येणं सत्तर हजारांनी कमी होतं.