‘ईसीएम गेला’ सांगून उकळलेले पैसे

माझी जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मारुती झेन सिग्नलला थांबली की रेस आपोआप वर-खाली होऊ लागे. हायवेला मात्र ती सुरळीत धावत असे. जळगावातील एका गॅरेजवाल्याने स्कॅनर (इंजिनाचे आकडे व दोष वाचणारे यंत्र) लावला आणि “भाऊ, ईसीएम गेला, नवा मिळत नाही, जुना चांगला पाहून टाकतो,” असे सांगून ११ हजार रुपये घेतले. ईसीएम म्हणजे इंजिनाचे काम सांभाळणारा छोटा संगणक. बिल मागितले असता “जुन्या मालाचे बिल नसते,” हे उत्तर मिळाले. काही दिवस गाडी ठीक चालली आणि मे महिन्याच्या उन्हात पुन्हा तेच सुरू झाले.

भुसावळच्या दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडताच इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे) जाणाऱ्या रबरी पाइपवर गुंडाळलेली, उष्णतेने सुटलेली काळी टेप दाखवली. टेपखाली चीर होती, म्हणजे खरा दोष पहिल्याला सापडलेला होता. डॅशबोर्डखालच्या ईसीएमच्या स्क्रूंवर गंज आणि वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी होती. तो बदलणे दूरच, त्याला कोणी हातही लावला नव्हता.

थ्रॉटल (पायाने दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) बंद असताना इंजिनाला लागणारी हवा मुख्यतः आयडल व्हॉल्व्हमधून जाते आणि ईसीएम तो कमी-जास्त उघडून तापलेल्या इंजिनाची रेस साधारण ८०० ते ९०० आरपीएमवर ठेवतो. चिरलेल्या पाइपमधून जादा हवा शिरली, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही रेस उतरत नाही. मग अॅक्सिलरेटर सोडून गाडी पळते आहे असे समजून ईसीएम पेट्रोल तोडतो, रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि हा झोका चालू राहतो. खानदेशच्या उन्हात जुने रबर लवकर कडक होऊन तडकते, म्हणून पाइप एकेक करून चिमट्याने दाबून पाहावेत; एखादा दाबताच रेस स्थिरावली, तर गळती त्याच पाइपच्या वाटेवर आहे. थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ करणे हेही स्वस्तातले काम आहे. पहाटे थंड इंजिनावर स्कॅनर शून्याखालचे तापमान दाखवत असेल, तर जळगावात बर्फ पडल्याखेरीज तो दोष तापमानाच्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचाच असणार.

ईसीएम कधी बिघडतच नाही असे नाही. परंतु चावी फिरवताच इंजिनाचा दिवा लागतो, गाडी लगेच सुरू होते आणि स्कॅनरवर रेस व तापमानाचे आकडे दिसतात, तेव्हा ते आकडे पाठवणारा ईसीएमच असतो. त्याला मृत ठरवण्याआधी पाइप, व्हॉल्व्ह आणि वायरिंग तपासल्याचे मेकॅनिकने दाखवायला हवे. बदललेला जुना भागही हातात मागावा. मी मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. माझ्या तक्रारीला यूपीआयची नोंद, टेपचे व गंजलेल्या स्क्रूंचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकने दिलेले पाइपचे बिल जोडले आहे.