बंदूक की ग्रामसभा?

गडचिरोलीत विषमता शोधावी लागत नाही. जंगल गावाभोवती, बांबूचा पैसा मात्र ठेकेदाराच्या घरी. याचा राग येणारच, मलाही येतो.

पहिला रस्ता बंदुकीचा. १९८० च्या सुमारास नक्षलवाद्यांची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, आली. त्यांनी ठेकेदारांना तेंदूपानाची मजुरी वाढवायला लावली, हे नाकारू नये. पण पुढे त्याच ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली आणि पोलिसांचे 'खबरी' ठरवून आदिवासींनाच मारलं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ त्यांनी घडवलेल्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. यात ठेकेदार कुठं होता?

दुसरा रस्ता धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो. हा रस्ता फार संथ आहे: वनहक्क कायदा २००६ चा, जंगलावरचा गावाचा सामूहिक हक्क २००९ ला, बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती २०११ ला. एवढी वाट बघायला लावणं हाही अन्यायच. तरी बांबू गावानं विकला. २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी आपली शेतजमीनसुद्धा ग्रामदानात, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीत, दिली, तीही कुणी कपाळावर बंदूक न टेकवता.