फणसाच्या पाटाचं घड्याळ: दहा महिन्यांनंतर

गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टांगलेलं हे घड्याळ आता एक अख्खा पावसाळा काढून बसलंय. म्हणून म्हटलं, करून पाहायचं मनात असेल त्यांच्यासाठी लिहावं.

पाट सासरचा, राजापूरकडचा, फणसाच्या लाकडाचा. चारही कोपऱ्यांत पितळी फुल्या. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात पाटावर कोणी बसत नाही, माळ्यावर पाच पाट नुसते रचलेले. तरी मी हा खाली काढला तेव्हा त्या म्हणाल्याच, "अगं, पाटावर माणसं बसवतात, काटे नाही." मग एक दिवस गप्प राहून, "चांगला आहे तो घे, तडकलेला ठेव," असंही म्हणाल्या.

पाट कोनावर उभा टांगला की फुल्या आपसूक १२, ३, ६, ९ वर येतात, ही माझी हुशारी. फक्त पाट चौरस असावा लागतो. आमचा निघाला अठरा बाय सतरा इंच! १२ आणि ६ नीट ओळंब्यात घेतले, तर ३ आणि ९ अर्ध्या मिनिटाहून जरा जास्त सरकतात. मला ते रोज दिसतं. दुसऱ्या कोणाला अजून दिसलेलं नाही. तुम्ही आधी टेप लावून दोन्ही बाजू मोजा.

आणखी एक फायदा, जो मला आधी सुचला नव्हता: पाटाला खाली दोन पट्ट्या असतात. त्यामुळे तो भिंतीपासून सुटा राहतो आणि मागच्या मशीनला जागा मिळते. मशीनची डबी ५६ मिलिमीटर चौकोनी आणि जेमतेम १६ मिलिमीटर जाड. अडचण आहे ती काटे बसतात त्या दांडीची. साध्या मशीनची दांडी पातळ डायलसाठी असते, पाट तर २० मिलिमीटर जाड. नुसतं ८ मिलिमीटरचं भोक पाडून भागत नाही. सुतारकाकांनी पटाशीने मागून तीन इंचांचा चौकोनी खड्डा कोरला, पुढे सहाएक मिलिमीटर लाकूड ठेवलं. खड्डा सैल ठेवायला सांगा, नाहीतर सेल बदलताना बोटं जात नाहीत.

पॉलिश पेपर मारल्यावर आतून जो पिवळाधमक रंग निघाला, त्यावर मी भाळले आणि वर लाखेचं पॉलिश मारून घेतलं. जुलैत त्याला पांढरं आलं, आरशावर वाफ धरावी तसं. दमट हवेत या पॉलिशचं असं होतंच म्हणे. काकांनी स्पिरिटचा बोळा फिरवून घालवलं, पण परत करायचं झालं तर मी नुसतं जवसाचं तेल आणि मेण लावीन.

आता काटे. इथे मी सगळ्यात जास्त चुकले. हौसेने पितळी पट्टी कापून सात इंचांचा मिनिटकाटा करून घेतला, फुल्यांना शोभेल असा. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड. काटा १२ कडून ६ कडे मजेत उतरायचा आणि चढताना ९ च्या आसपास धापा टाकायचा. दोन आठवडे मी घड्याळाला, सेलला, नशिबाला दोष दिला. शेवटी घड्याळवाल्याने काटा हातात घेऊन नुसतं माझ्याकडे पाहिलं. आता अ‍ॅल्युमिनियमचा सोनेरी काटा आहे, तो चालतो. लांब काटे हवेच असतील तर 'हाय टॉर्क', म्हणजे काटे जास्त जोराने फिरवणारं मशीन मागा. एरवीही सेल उतरायला लागला की सेकंदकाटा ९ पाशीच जागच्या जागी उड्या मारतो, कारण तिथे त्याला सरळ वर उचलावं लागतं. तेवढी खूण लक्षात ठेवा.

टिकटिकीचंही सांगते. प्लॅस्टिकच्या घड्याळात तेच मशीन ऐकू येत नाही, पण पाटाला लावलं की घुमतं. तंजावरकडे वीणा फणसाच्या लाकडाची करतात, हे नंतर आठवलं! जूनमध्ये न वाजणारं, सरकत्या सेकंदकाट्याचं मशीन बसवलं. शांतता झाली, पण सेल जानेवारीतच संपला. वेळ महिन्याला दहा-पंधरा सेकंदांनी पुढे-मागे होते, त्याबद्दल तक्रार नाही.

टांगणं हलक्यात घेऊ नका. हे वजन अडीच-तीन किलो भरतं, मशीनच्या प्लॅस्टिकच्या हुकाचं ते काम नाही. पाटाला मागून कडी मारा. आमची भिंत हलक्या ब्लॉकची, पहिला खिळा तिसऱ्या रात्री भुगा घेऊन बाहेर आला आणि घड्याळ सोफ्यावर पडलं. सोफा होता म्हणून वाचलं. आता लांब प्लग आणि स्क्रू आहे.

संध्याकाळी तपकिरी लाकडावर सोनेरी काटे नीट दिसत नाहीत, हा दोष राहिलाच. मधले आकडे सासूबाईंना कळेनात म्हणून मे महिन्यात काळे स्टिकर लावले होते. नोव्हेंबरात त्यांच्या कडा उचलल्या, ओढून काढले, तर खाली आकडे तसेच! फणस उजेडाने काळवंडतो. सात महिन्यांत सगळा पाट तपकिरी होत गेला होता आणि स्टिकरखालचं लाकूड पिवळंच राहिलं होतं. खिडकीकडची बाजू जास्त गडद, त्यामुळे १ आणि २ ठसठशीत, ७ आणि ८ जरा फिके. आता तेही हळूहळू रंग धरतायत. सासूबाई मात्र खूश आहेत. "हे बरे, चिकटवलेले नकोतच," म्हणाल्या. दोन वर्षांनी हे आकडे दिसेनासे होतील, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.